नील गाऊची विलापधून

‘नील गाऊज् लॅमेंट फॉर द डेथ ऑफ हिज सेकंड वाइफ’ हे लांबलचक नाव स्कॉटलंडमधील एका संथ व्हायोलिनधुनेचे आहे. पर्थशायरमधील विणकर आणि फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) नील गाऊ याने आपली दुसरी पत्नी मार्गारेट अर्कर्ट हिच्या मृत्यूनंतर, १८०५ साली, ती रचली. तेव्हा त्याचे वय ७८ होते. १८०९ साली ती छापून प्रसिद्ध झाली, तेव्हा स्वतः गाऊला जाऊनही दोन वर्षे झाली होती. आज ही धून लोकसंगीताच्या मैफलींत वाजते, गिटारवर आणि हार्पवर वाजते, आणि तिच्यापुढे पुष्कळदा नुसते ‘पारंपरिक’ असे लिहिलेले असते. पारंपरिक धुनेचा कर्ता सहसा कोणाला ठाऊक नसतो. इथे मात्र कर्ता, प्रसंग, साल आणि पहिली छापील प्रत हे सगळे ठाऊक आहे. स्कॉटलंडची फिडल परंपरा अशीच घडलेली आहे. त्या परंपरेत नाव असलेले रचनाकार आहेत, छापील पुस्तके आहेत, आणि त्यांच्या जोडीला कानाने ऐकून हाताने उचलणारे वादकही आहेत. या धुनेचा इतिहास म्हणजे त्या तिन्हींचा एकमेकांशी आलेला संबंध आहे.

गजाने वाजवायची तंतुवाद्ये स्कॉटलंडमध्ये व्हायोलिन येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. १५६१ साली राणी मेरी फ्रान्सहून परतली, तेव्हा एडिनबरोच्या होलीरूड राजवाड्याखाली जमलेल्या लोकांनी तिच्यासाठी फिडली वाजवल्या आणि स्तोत्रे म्हटली. राणीबरोबर आलेल्या ब्रांतोम या फ्रेंच सरदाराला ते वादन अगदीच भिकार वाटले आणि त्याने तसे लिहून ठेवले. त्याच्या आदल्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली होती. नव्या चर्चला नाचगाणे रुचत नव्हते. पुढची शंभरएक वर्षे फिडलवादकांना धर्ममंडळींचा रोष सोसावा लागला. १६०३ साली इंग्लंडचीही गादी मिळाल्यावर राजा लंडनला गेला आणि त्याच्याबरोबर दरबारही गेला. त्यामुळे संगीताला राजाश्रय असा उरला नाही. राहिले ते जमीनदारांचे वाडे आणि गावकऱ्यांची कोठारे.

इटालियन घडणीचे व्हायोलिन सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये रुळले. जुन्या वाद्यांपेक्षा त्याचा आवाज मोठा आणि झळझळीत होता. खोलीभर नाचणाऱ्या माणसांच्या पावलांच्या आवाजातही ते ऐकू येई, आणि नाचासाठी तेच हवे होते. गावातल्या सुतारालाही पाहून पाहून ते बनवता येऊ लागले. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनदार, पाद्री, शाळामास्तर, विणकर अशा सर्व थरांत हे वाद्य पोचले होते. एडिनबरोत १७२८ साली म्युझिकल सोसायटी स्थापन झाली. १७६०च्या दशकात तिच्यासाठी सेंट सिसिलियाज हॉल हे सभागृह बांधले गेले. तिथे संध्याकाळी कोरेली आणि हॅन्डेल ऐकणारी मंडळीच रात्री नृत्यसभेत रीलवर नाचत. इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत अभिजात संगीत आणि लोकसंगीत यांच्यात जेवढे अंतर पडले होते तेवढे इथे पडले नव्हते. गाऊच्या धुनांना छापील पुस्तकाचे ग्राहक मिळाले त्याचे कारण हेच आहे.

या काळात नाचाच्या धुनांचे दोन प्रकार मुख्य होते. रील ही जलद आणि सरळ वाहणारी. स्ट्रॅथस्पे हा प्रकार स्पे नदीच्या खोऱ्यातला. त्याची लय रीलपेक्षा संथ असते आणि तिच्यात एक ठाशीव हिसका असतो. एक अगदी आखूड स्वर आणि त्याला लागून लगेच लांब स्वर, अशी ती जोडी असते. उलट क्रमानेही ती येते. गज मनगटाने झटकल्याशिवाय ती नीट वाजत नाही. एडिनबरोचा प्रकाशक रॉबर्ट ब्रेम्नर याने १७५७पासून रीलचे संग्रह भागाभागांनी छापायला सुरुवात केली, तेव्हा स्ट्रॅथस्पे हे नाव छापील कागदावर आले. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांना स्कॉटिश फिडलचे सुवर्णयुग म्हणतात. नील गाऊ हा त्या युगातला सर्वांत नावाजलेला वादक होय.

गाऊचा जन्म २२ मार्च १७२७ रोजी स्ट्रॅथब्रान इथे झाला. तो तान्हा असतानाच कुटुंब जवळच्या इन्व्हर गावी येऊन राहिले. ब्रान नदी टे नदीला मिळते तिथे, डंकेल्ड शहरासमोरच्या तीरावर, हे छोटे गाव आहे. हायलंड्सचा डोंगराळ प्रदेश इथून सुरू होतो, त्यामुळे गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांचा वावर या भागात होता. वडील जॉन गाऊ प्लेड विणत. प्लेड म्हणजे चौकटीचे लोकरी वस्त्र. नीललाही तोच व्यवसाय शिकवला गेला. फिडल त्याने वयाच्या नवव्या वर्षी हातात घेतली. पहिली चार वर्षे तो आपला आपणच शिकला. तेराव्या वर्षापासून जॉन कॅमेरॉन या वादकाने त्याला धडे दिले. कॅमेरॉन हा ग्रँडटलीच्या स्टुअर्ट घराण्याच्या पदरी होता.

१७४५ साली, अठराव्या वर्षी, गाऊ एका वादनस्पर्धेत उतरला. परीक्षक जॉन मक्रॉ हा अंध होता. त्याने गाऊला पहिले ठरवले, आणि शंभर वादकांतही नीलचा गज आपल्याला ओळखू येईल असे तो म्हणाल्याची कथा तेव्हापासून सांगितली जाते. कथा पुरावा म्हणून घेण्यासारखी नसली तरी तिच्यातला मुद्दा खरा आहे. गाऊच्या वादनाबद्दल त्याच्या समकालीनांनी जे लिहिले त्यात गजाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. टोकाकडून मुठीकडे जाणारा, म्हणजे वर ढकलला जाणारा गज सहसा दुबळा पडतो. गाऊच्या हातात तो खाली ओढल्या जाणाऱ्या गजाइतकाच जोरकस असे. स्ट्रॅथस्पेचा हिसका या ताकदीवरच उभा राहतो. संथ धुनेत हीच ताकद लांब स्वर शेवटपर्यंत भरलेला ठेवण्याच्या कामी येते. त्यामुळे गाऊच्या विलापधुना आणि त्याच्या नाचाच्या धुना या एकाच हाताच्या आहेत, हे वाजवून पाहणाऱ्याला लगेच कळते.

अॅथलच्या ड्यूक घराण्याने गाऊला आश्रय दिला. ब्लेअर किल्ल्यातल्या आणि डंकेल्डच्या वाड्यातल्या नृत्यसभांत तो वाजवी. त्याचा भाऊ डोनाल्ड चेलो घेऊन साथीला बसे. फिडल आणि चेलो ही जोडी तेव्हाच्या नाचाच्या मैफलीत नेहमीची होती. हळूहळू पर्थ, एडिनबरो इथल्या मोठ्या नृत्यसभांनाही गाऊला बोलावणी येऊ लागली. डेव्हिड अॅलन या चित्रकाराने १७८० साली ब्लेअर अॅथल इथल्या हायलंड लग्नाचे चित्र काढले. त्यात नाचणाऱ्या जोडप्यांबरोबर हे दोघे भाऊही दिसतात. १७८७ साली हेन्री रेबर्न याने नील गाऊचे व्यक्तिचित्र रंगवले. ते एडिनबरोच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. त्यात गाऊ खुर्चीत बसून वाजवतो आहे आणि त्याच्या अंगात चौकटीच्या कापडाची आखूड विजार व तसेच मोजे आहेत. या पोशाखाला तेव्हा मोठा अर्थ होता. राजाविरुद्धच्या १७४५च्या बंडानंतर पुरुषांनी हायलंड पोशाख करण्यावर कायद्याने बंदी आली होती आणि ती १७८२ साली उठली होती. विणकराचा मुलगा, बंदी उठून पाच वर्षे झाल्यावर, त्याच कापडात पुढे देशभर नामांकित झालेल्या चित्रकारापुढे बसला होता.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस कवी रॉबर्ट बर्न्स हायलंड्सच्या प्रवासात डंकेल्डला थांबला. तिथे त्याने गाऊचे वादन ऐकले आणि आपल्या रोजनिशीत त्याचे वर्णन लिहिले. ठेंगणी भरभक्कम देहयष्टी, करडे केस आणि चेहऱ्यावरचा सरळ, माणूसवेल्हाळ भाव यांची त्यात नोंद आहे. बर्न्सने पुढे कित्येक गीते जुन्या आणि नव्या फिडलधुनांवर बेतली. लाल गुलाबाची उपमा असलेले त्याचे जगप्रसिद्ध प्रेमगीत ज्या सुरुवातीच्या संग्रहांत छापले गेले त्यांपैकी एकात त्याला गाऊच्या ‘मेजर ग्रॅहॅम’ या धुनेची चाल दिलेली होती.

‘मेजर ग्रॅहॅम’ हे नाव त्या काळच्या रीतीला धरून होते. धुनेला आश्रयदात्याचे, त्याच्या पत्नीचे किंवा मुलीचे नाव देत. गाऊंच्या संग्रहांत पान उलटावे तिथे कोणी लेडी, कोणी मिस, कोणी कर्नल भेटतो. ज्याच्या नावाची धून असे तो पुस्तकाच्या प्रती घेई आणि नृत्यसभेचे कामही देई. या व्यवहारात कमीपणा काहीच नव्हता, वादकाचे पोट त्यावरच चाले. या नावांच्या गर्दीत विणकराच्या घरातल्या बाईच्या आठवणीत रचलेली धून म्हणूनच उठून दिसते. तिच्यासाठी कोणी पैसे देणार नव्हते. तिच्या मागे कोणताही आश्रयदाता नव्हता.

गाऊची पहिली पत्नी मार्गारेट वाइझमन. तिच्यापासून त्याला पाच मुलगे आणि तीन मुली झाल्या. तिच्या निधनानंतर १७६८ साली त्याने पर्थच्या मार्गारेट अर्कर्टशी लग्न केले. दोघींचेही नाव मार्गारेट होते. या दुसऱ्या लग्नाला मूल झाले नाही, पण पहिल्या पत्नीची मुले तिच्याच घरात वाढली. त्यांपैकी नॅथॅनिएलचा जन्म १७६३चा, म्हणजे ती घरात आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. हा संसार ३७ वर्षे टिकला. गाऊ नृत्यसभांसाठी सतत बाहेरगावी असे, रात्र रात्र वाजवी, आणि इन्व्हरचे घर मार्गारेट सांभाळी. १८०५ साली ती वारली. त्याआधीच गाऊचे काही मुलगेही गेले होते. विल्यम १७९१ साली आणि लंडनला प्रकाशनाचा व्यवसाय करणारा अँड्र्यू १८०३ साली. म्हाताऱ्या गाऊच्या घरात आता फारसे कोणी उरले नव्हते.

विलापाची धून रचणे ही हायलंड्समध्ये जुनी पद्धत होती. गेलिक समाजात सरदाराच्या किंवा कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर कवी शोकगीत रचत आणि बॅगपाइपवादक विलापाची धून बांधत. पाइपचा हा मोठा, गंभीर प्रकार पिब्रॉख म्हणून ओळखला जातो. त्यात मूळ धून सावकाश मांडून मग तिचे अधिकाधिक अवघड विस्तार करतात. अठराव्या शतकात फिडलवादकांनी हा भाव उचलला, पण पिब्रॉखचा विस्तार टाकून दिला. फिडलची विलापधून दोन भागांची आणि आटोपशीर असते. दिवाणखान्यात बसून ऐकण्याजोगी ती झाली. गाऊने अॅबरकेर्नीच्या जेम्स मरे या आश्रयदात्यासाठी अशी एक धून केली होती आणि भाऊ डोनाल्डच्या मृत्यूवरही एक केली होती. दुसऱ्या पत्नीसाठीची धून यानंतरची, त्याच्या आयुष्याच्या अगदी अखेरची.

ती डी मेजर या स्वरश्रेणीत आहे. शोकाची धून म्हटल्यावर पाश्चात्त्य श्रोता मायनर श्रेणीची अपेक्षा धरतो, आणि इथे त्याला उजळ मेजर श्रेणी ऐकू येते. ताल सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्याप्रमाणे तीन-तीनच्या दोन गटांचा, पण लय अतिशय संथ. याच तालात जलद वाजवली तर जिग नावाचा नाच होतो. त्या नाचाचा हलका झोका संथ लयीतही आत कुठेतरी राहतो, आणि धून जड होत नाही. रचना दोन भागांची आहे. पहिला भाग मधल्या स्वरांत फिरतो. दुसरा वरच्या स्वरांत जातो आणि तिथून पायरीपायरीने खाली येतो. प्रत्येक भाग परत वाजवतात. डी मेजरमध्ये फिडलच्या डी आणि ए या मोकळ्या तारा आपोआप घुमतात, त्यामुळे एकट्या वाद्यावरही धून भरलेली वाटते. बोटांची कसरत तिच्यात फारशी नाही. दोन-तीन वर्षे शिकलेल्या मुलालाही ती वाचून वाजवता येते. तरीही ती चांगली वाजवणारे थोडेच, कारण लांब स्वर कुठे फुगवायचा, कुठे सोडायचा आणि दोन वाक्यांच्या मध्ये किती थांबायचे याचे सगळे ओझे गजावर पडते.

या धुनेतले दुःख आक्रोशाचे नाही. ३७ वर्षांच्या सहवासाची कृतज्ञता तिच्यात दुःखाइतकीच आहे, आणि मेजर श्रेणी तिला शोभते ती त्यामुळेच. स्कॉटलंडच्या फिडल साहित्यात याहून अवघड आणि याहून डौलदार संथ धुना आहेत. विल्यम मार्शल या गाऊच्या समकालीनाच्या कितीतरी धुना स्वररचनेच्या दृष्टीने अधिक समृद्ध आहेत. पण इतक्या थोड्या स्वरांत इतके सांगणारी दुसरी धून सापडणे कठीण आहे.

नील गाऊ १ मार्च १८०७ रोजी इन्व्हरलाच वारला. ८० वर्षे पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते. लिटल डंकेल्डच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. ही धून त्याच्याबरोबर गेली नाही याचे श्रेय मुलाचे आहे. नॅथॅनिएल गाऊ तरुणपणी एडिनबरोला गेला. तिथे रॉबर्ट मॅकिन्टॉश आणि अलेक्झांडर मॅकग्लॅशन यांसारख्या नामवंत वादकांकडे शिकला आणि शहरातल्या फॅशनेबल नृत्यसभांचा प्रमुख वादक झाला. १७९६ साली त्याने शेफर्ड या भागीदाराबरोबर संगीत प्रकाशनाची पेढी काढली. त्याआधीच, १७८४ साली, नील गाऊच्या नावाने स्ट्रॅथस्पे आणि रीलचा पहिला संग्रह निघाला होता. १७८८, १७९२ आणि १८०० साली पुढचे तीन संग्रह आले. पाचवा १८०९ साली आला, आणि त्यात वडिलांची ही शेवटची धून होती. सहावा संग्रह १८२२चा आहे. याखेरीज ‘कंप्लीट रिपॉझिटरी’ या नावाने चार भागांची मालिकाही याच घराण्याने छापली.

हे संग्रह छापण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. धातूच्या पत्र्यांवर स्वरलिपी कोरून त्यावरून पाने काढत. वर व्हायोलिनची ओळ आणि खाली चेलो, हार्पसिकॉर्ड किंवा पियानो यांच्यासाठी खर्जाची ओळ असे. म्हणजे पुस्तक धंदेवाईक वादकाच्या उपयोगाचे, तसेच घरी पियानोवर बसणाऱ्या मुलीच्याही उपयोगाचे. आधी पैसे भरणाऱ्या ग्राहकांवर बराचसा खर्च निघत असे. खेड्यातल्या वादकाकडे पुस्तक विकत घेण्याइतके पैसे नसले तरी तो ते उसने आणून वहीत उतरवून घेई. अशा हस्तलिखित वह्या स्कॉटलंडभर सापडल्या आहेत. एकदा वहीत उतरलेली धून शेजारचा कानाने उचलत असे, आणि उचलताना तिच्यात आपल्या बोटांच्या सवयीप्रमाणे थोडेफार बदल करत असे. अशा रीतीने छापील स्वरूप एकीकडे स्थिर राहिले आणि दुसरीकडे धून जिवंतही राहिली.

गाऊ पितापुत्रांच्या संग्रहांवर त्यांच्याच काळापासून एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. दुसऱ्यांच्या धुना त्यांनी नावे बदलून आणि कर्त्याचा उल्लेख न करता छापल्या. ड्यूक ऑफ गॉर्डनच्या घरचा कारभारी आणि उत्तम रचनाकार विल्यम मार्शल याने आपल्या धुना अशा वापरल्या गेल्याची तक्रार केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिनबरोचा संग्राहक जॉन ग्लेन याने जुनी पुस्तके पडताळून यांपैकी अनेक धुनांचा माग काढला. नील गाऊच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ऐंशीहून अधिक रचनांपैकी बऱ्याच मुळात इतरांच्या आहेत असे आता मानले जाते. त्या काळी धून ही कोणाची मालमत्ता समजली जात नसे, हे खरे. तरी ग्लेनचे काम मोलाचे ठरले, कारण त्यामुळे मार्शल आणि त्याच्यासारखे इतर रचनाकार यांना त्यांचे श्रेय मिळाले. १८०५ची विलापधून मात्र गाऊचीच आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क पुढे आलेला नाही.

नॅथॅनिएलने भरपूर पैसा मिळवला आणि तो सगळा गेला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा त्याच्यापुढे नॅथॅनिएलने वाजवले. पाचच वर्षांत, १८२७ साली, त्याचे दिवाळे निघाले. १८३१ साली तो वारला. त्याचा मुलगा नील हाही गुणी रचनाकार होता, पण तो १८२३ सालीच गेला होता. घराणे असे संपले. त्याच सुमारास नृत्यसभांची आवडही बदलली. वॉल्ट्झ आणि क्वाड्रिल हे युरोपातले नाच आले, वाद्यवृंद मोठे झाले. पुढे खेड्यांत मेलोडियन आणि अकॉर्डियन आले. या वाद्यांचा आवाज मोठा असे आणि ती शिकायला सोपी. स्ट्रॅथस्पेची पुस्तके कपाटात गेली.

तरी ती कपाटात फार काळ राहिली नाहीत. १८८१ साली एडिनबरोत हायलंड रील अँड स्ट्रॅथस्पे सोसायटी स्थापन झाली. एकत्र बसून जुन्या धुना वाजवणे हा तिचा हेतू होता, आणि तिच्या धर्तीवर इतर शहरांतही अशा मंडळ्या निघाल्या. १८८४ साली पर्थशायरच्याच जेम्स स्टुअर्ट रॉबर्टसन याचा ‘अॅथल कलेक्शन’ हा मोठा संग्रह आला, १८८७ साली कीथ नॉर्मन मॅकडोनाल्डचा ‘स्काय कलेक्शन’. याच काळात जेम्स स्कॉट स्किनर हा जबरदस्त वादक आणि रचनाकार देशभर कार्यक्रम करत होता. स्किनरने फिडलला नाचघरातून रंगमंचावर आणले आणि अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत आपले वादन नोंदवून ठेवले. त्याच्या संथ धुना गाऊच्या धुनांपेक्षा अधिक नाट्यमय आहेत. दिपवून टाकणाऱ्या अलंकारांचा त्याला सोस होता. त्यामुळे पुढच्या पिढीतल्या काही वादकांनी गाऊची विलापधूनही त्याच थाटात, मोठ्या कंपनांनी वाजवायला घेतली.

जुन्या ढंगाचा धागा दुसरीकडे चालू होता. डंकेल्डचा जेम्स मॅकिन्टॉश हा नील गाऊचा शेवटचा शिष्य मानला जातो. ईशान्य स्कॉटलंडचा हेक्टर मॅकअँड्र्यू हा विसाव्या शतकातला अत्यंत आदरणीय फिडलवादक. त्याचे आजोबा या मॅकिन्टॉशकडे शिकले होते. गाऊच्या गजाचे तंत्र घरातून आपल्यापर्यंत आले असे मॅकअँड्र्यू सांगत असे. १९७०च्या दशकात बीबीसीने त्याची आणि यहुदी मेन्युहिन याची ब्लेअर किल्ल्यात भेट घडवून आणली. जगातल्या अग्रगण्य व्हायोलिनवादकाने तिथे मॅकअँड्र्यूकडून स्ट्रॅथस्पेचा गज समजून घेतला. ज्या किल्ल्यात नील आणि डोनाल्ड वाजवत होते त्याच किल्ल्यात हे घडले. शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या स्कॉटिश वादकांचा आपल्या घरच्या संगीताकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलायला अशा प्रसंगांनी मदत केली.

अटलांटिकपलीकडे कॅनडात या संगीताची वेगळी शाखा वाढली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीन सुटलेली हजारो गेलिक भाषक कुटुंबे नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर जाऊन वसली. त्यांच्याबरोबर फिडल गेली आणि नाचही गेला. तिथले वादक कानाने शिकत, पण जुन्या छापील संग्रहांनाही ते फार मानत. गाऊ, मार्शल आणि ‘स्काय कलेक्शन’ यांच्या झिजलेल्या प्रती घराघरांतून फिरत. तिथल्या मैफलीत वादक आधी एखादी संथ धून घेतो, मग स्ट्रॅथस्पे, मग रील, अशी लय चढवत नेतो. गाऊच्या संथ धुनांना या रचनेत हक्काची जागा मिळाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही परंपरा नाहीशी होत असल्याचे सांगणारा एक माहितीपट कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. बेटावरच्या लोकांना तो झोंबला. १९७३ साली ग्लेनडेल इथे फिडलवादकांचा मोठा मेळावा भरला आणि मुलांना शिकवण्याची नव्याने व्यवस्था झाली.

स्कॉटलंडमध्येही १९५१ साली एडिनबरो विद्यापीठात स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने खेड्यापाड्यांतल्या वादकांचे ध्वनिमुद्रण सुरू केले होते. लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाबरोबर गाऊची विलापधून फिडलवादकांच्या बाहेर पडली. गिटारवादकांनी ती आपलीशी केली, कारण डी मेजरमधल्या मोकळ्या तारा गिटारवरही तशाच घुमतात. हार्प, पियानो, बासरी, चेलो यांवरही ती वाजू लागली. संगीत महाविद्यालयांत ती शिकवली जाते.

ती कशी वाजवावी यावर वादकांत मतभेद आहेत. काही जण सहा मात्रांचा झोका स्पष्ट ठेवतात आणि धून चालती ठेवतात. काही जण ताल जवळजवळ मोडून, प्रत्येक वाक्य सुटे करून वाजवतात. १८०९च्या छापील पानावर ताल स्पष्ट आहे आणि खाली खर्जाची ओळ आहे. चेलोवादकाला बरोबर घेऊन वाजवायची धून पूर्णपणे तालाबाहेर जाऊ शकत नाही. त्यामुळे पहिली पद्धत गाऊच्या घरातल्या वादनाच्या अधिक जवळची असावी. एकट्याने वाजवताना दुसरी पद्धतही परिणामकारक ठरते, पण अति ताणली की धुनेतला साधेपणा जातो.

नील गाऊची फिडल आणि त्याची खुर्ची आज ब्लेअर किल्ल्यात ठेवलेली आहे. पर्थशायरचा फिडलवादक पीट क्लार्क याने तीच फिडल वाजवून गाऊच्या रचनांचे ध्वनिमुद्रण केले आहे. डंकेल्ड आणि शेजारचे बर्नम या गावांत गाऊच्या नावाने फिडल महोत्सव भरतो. इन्व्हरजवळ टे नदीच्या काठी एका जुन्या ओकच्या झाडाला गाऊचा ओक म्हणतात, आणि त्या झाडाखाली बसून तो धुना रचत असे असे स्थानिक लोक सांगतात. धुनेच्या मथळ्यात मार्गारेट अर्कर्टचे नाव नाही, तिथे फक्त ‘दुसरी पत्नी’ असे आहे. अलीकडे काही वादक धून वाजवण्यापूर्वी तिचे पूर्ण नाव सांगतात. ही प्रथा सर्वांनीच उचलावी अशी आहे.